पाहिजेत: धाडसी वाचक, स्वतःच्या यंत्रासह

सिल्वासात माणसाला काय हवं ते मिळतं. पॉलिस्टरचा धागा मिळतो, प्लास्टिकचे पाइप मिळतात, आणि शनिवारी संध्याकाळी वापीकडून येणाऱ्या गाड्यांची रांग पाहिलीत तर गुजरातेत जे मिळत नाही तेही इथं मिळतं, हे मी वेगळं सांगायला नको. मिळत नाही तो एकच प्राणी: ई-रीडर बाळगणारा मराठी वाचक. त्यातही आपला ई-रीडर माझ्यासारख्या माणसाच्या हातात द्यायला राजी असलेला वाचक हवा म्हटलं, तर दमणगंगा उलटी वाहायला लागेपर्यंत थांबावं लागेल. मी थांबलो नाही. मी जाहीर आवाहन केलं.

त्याचं असं झालं, की मी इथल्या एका धाग्याच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर डेनियर मोजायचं, तुटके फिलामेंट शोधायचे, आणि घरी आल्यावर आमटीत मीठ कमी असल्याचा अहवाल हिला द्यायचा, यात बरं चाललं होतं. पण पन्नाशीत डोळ्यांनी दगा दिला. मोबाइलवर चार पानं वाचली की पाणी यायला लागलं, आणि बायकोला वाटायचं मी करुण कादंबऱ्या वाचतोय. म्हणून ई-रीडर घेतला. ही ई-शाई म्हणजे मोठं गमतीचं प्रकरण आहे बघा. पडद्याच्या आत केसाच्या जाडीएवढ्या लाखो कुप्या, प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण, एकांवर धन भार, दुसऱ्यांवर ऋण. विजेचा झटका दिला की एक वर येतात, दुसरे तळाला जातात, आणि एकदा पान उमटलं की ते तसंच ठेवायला विजेचा थेंबही लागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या मंडळींनी हे जुळवून 1997 मध्ये ई इंक नावाची कंपनी काढली. पुढे दहा वर्षांनी, 19 नोव्हेंबर 2007 ला, किंडल बाजारात आलं तेव्हा पहिला साठा साडेपाच तासांत संपला म्हणतात. तो साठा आमच्या झंडा चौकात मांडला असता तर अजून विकत बसले असते.

आपल्याकडे ते यंत्र 2012 मध्ये आलं, आणि त्यावर मराठी पुस्तकं रीतसर विकत मिळायला 2016 चा डिसेंबर उजाडला. मला एवढ्यावर समाधान मानता आलं असतं. पण क्वालिटी कंट्रोलच्या माणसाला चांगली वस्तू हातात आली की तिच्यात खोट कुठे आहे ते शोधल्याशिवाय झोप येत नाही. अशाच एका निद्रानाशात मला कळलं, की या यंत्रांवर कंपनीच्या प्रोग्रॅमशेजारी दुसराही वाचन-प्रोग्रॅम बसवता येतो. केओरीडर नावाचा असा एक फुकट आणि खुला प्रोग्रॅम आहे, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, किंडल, कोबो, पॉकेटबुक अशा निरनिराळ्या यंत्रांवर चालणारा. त्याच जातीचा, पण अजून मिसरूडही न फुटलेला एक प्रोग्रॅम माझ्या नजरेस पडला. नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात त्या बिचाऱ्याचा दोष किती आणि माझा किती याचा हिशेब अजून लागलेला नाही. असल्या प्रोग्रॅमांच्या दोन आवृत्त्या असतात. एक पक्की, शहाण्या माणसांसाठी. दुसरी कच्ची, जी त्यांचा कॉम्प्युटर रोज रात्री आपोआप बांधून ठेवतो, ज्यांना सुख बोचतं त्यांच्यासाठी. मी अर्थातच दुसरी उतरवून घेतली, पेन ड्राइव्हवर टाकली आणि पेन ड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवला.

आता तुम्ही विचाराल, यात तपासायचं ते काय? मराठी तपासायचं. इंग्रजी अक्षरं एकामागे एक निमूट उभी राहतात. आपली अक्षरं मात्र सकाळच्या वापी-विरार गाडीत शिरल्यासारखी बसतात: कुणी अर्धंच टेकलंय, कुणी दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि ऱ्हस्व वेलांटी तर मागून चढून पुढची जागा पकडते. फाइलमध्ये आधी क असतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ही बसवाबसवी करणारा हार्फबझ नावाचा वेगळा प्रोग्रॅम असतो आणि तो आपलं काम चोख करतो, पण त्याच्याकडे मजकूर पोचायच्या आधीच कुणी गडबड केली तर तो तरी काय करणार? त्यातून आपल्या मराठीची एक खास अडचण. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला तो आडवा र नीट उमटावा म्हणून कित्येक फायलींत र आणि य यांच्यामध्ये शून्य रुंदीचं एक न दिसणारं जोडचिन्ह टाकलेलं असतं. वाचन-प्रोग्रॅमनं ते गिळलं, की सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो आणि ट्रेकला निघालेला नायक परिच्छेदाच्या शेवटी पाण्यात. हिंदीला हे दुखणं नाही, म्हणून बाहेर कुणाला त्याची खबर नाही.

तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या परदेशातल्या भल्या माणसानं हाक दिली होती, की मराठी वाचणारे आणि वेगवेगळी यंत्रं असलेले स्वयंसेवक हवेत. मी त्याला रात्री साडेबाराला कळवलं, ‘सिल्वासातून पथक उभं करतो.’

सकाळी हिला सांगितलं. ही म्हणाली, “अहो, सोसायटीच्या मीटिंगला कोरम जमत नाही, चहा-समोसे ठेवूनसुद्धा. पथक कुठून आणणार?”

मी तिला इतिहास ऐकवला. स्वयंसेवकांच्या बाबतीत आमचं गाव ऐरंगैरं नाही. हे अख्खं दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सोडवलं ते सैन्यानं नव्हे, स्वयंसेवकांनीच. 1954 च्या जुलैत आधी दादरा घेतलं, मग नरोली, आणि भर पावसाळ्यात 2 ऑगस्टला सिल्वासा. त्यात आझाद गोमंतक दलाची माणसं होती, संघाची होती, गोव्यातल्या इतर गटांची होती. राजाभाऊ वाकणकर होते, आणि चक्क सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते. लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम करून पैसा उभा करून दिला. नंतर पोर्तुगालनं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताला खेचलं, निकाल लागायला 1960 साल उजाडलं, आणि 11 ऑगस्ट 1961 ला हा मुलूख रीतसर भारतात आला. मधली सात वर्षं इथला कारभार इथल्याच लोकांनी चालवला. “मूठभर माणसांनी मुलूख घेतला,” मी म्हणालो, “मला पाच ई-रीडर मिळणार नाहीत?”

“त्यांच्यात सुधीर फडके होते,” ही म्हणाली. “तुमच्यात कोण आहे?”

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात संगीत खुर्ची आणि लकी ड्रॉ यांच्या मधल्या फटीत मला माइक मिळाला. भाषण मी नीट लिहून नेलं होतं, पण लाउडस्पीकरला शिट्टीचा आजार, समोर पोरांचा गलका, शेजारी ढोल सैल करत बसलेलं पथक, या सगळ्यातून लोकांपर्यंत फक्त ‘ई-रीडर’, ‘नाव नोंदवा’ आणि ‘फुकट’ एवढेच तीन शब्द पोचले असावेत. कारण कार्यक्रम संपल्यावर माझ्याभोवती जी झुंबड उडाली ती आरतीच्या ताटाभोवतीही नव्हती. लोकांनी स्वतःची नावं दिली, बायकोची दिली, गावाकडे असलेल्या आईची दिली, एकानं तर अजून बारसं न झालेल्या मुलाच्या नावापुढे ‘बाळ’ लिहून आडनाव घातलं. एक आजोबा रंग कोणता मिळेल ते विचारून गेले. मला भरून आलं. घरी येऊन मी परदेशातल्या त्या भल्या माणसाला यादीतल्या नावांचा आकडा कळवला, आणि त्यानं उत्तरात उद्गारचिन्हांची ओळच्या ओळ पाठवली. दुसऱ्या दिवशी मी यादीतल्या लोकांना एकेक करून फोन लावला आणि यंत्र तुमचंच हवं, मी द्यायचं नाहीये, हे समजावून सांगितलं.

संध्याकाळपर्यंत यादीत चार नावं उरली. बाळ त्यांत नव्हतं.

उरलेल्यांतले पहिले आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. हा गृहस्थ पाण्याच्या टाकीला नवी तोटी बसवायची तरी तीन कोटेशनं मागवतो. त्यांनी विचारलं, “यंत्र बिघडलं तर जबाबदारी कुणाची?” मी प्रामाणिकपणे त्यांना परवान्यातला मजकूर वाचून दाखवला. खुल्या प्रोग्रॅमांच्या परवान्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, की या वस्तूची कसलीही हमी नाही, ती कुठल्या कामाची आहे अशीही हमी नाही, नुकसान झालं तर तुमचं तुम्ही बघा. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “आपल्या बिल्डरनं हेच लिहून दिलं होतं, फक्त एवढं स्पष्ट नव्हतं.” आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर माझ्याकडून लिहून घेऊन यंत्र दिलं. त्यात साक्षीदार म्हणून हिनं सही केली, ती सही करताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी अजून नाव देऊ शकलेलो नाही.

दुसरे आमच्या शिफ्टचे इंजिनीअर. ते नरोलीला राहतात, पाऊस चालू होता, म्हणून मी फोनवरूनच बसवून देतो म्हणालो. यंत्र वायरनं कॉम्प्युटरला जोडायचं, त्यातल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये माझी फाइल टाकायची, वायर सोडायची, की यंत्र बंद होऊन चालू होतं आणि प्रोग्रॅम बसतो. इतकं सोपं.

“साहेब, फोल्डर दिसत नाही.”

“दिसणारच नाही. त्याच्या नावाच्या आधी टिंब आहे.”

“मग टिंब तरी दिसेल ना?”

“नाही हो. टिंब आहे म्हणूनच तो दिसत नाही.”

पलीकडे बराच वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता. मग ते फार काळजीच्या सुरात म्हणाले, “साहेब, तुम्ही जेवलात का?”

शेवटी लपलेले फोल्डर दाखवायची सोय त्यांना सापडली. आणि इतके दिवस आपल्या यंत्रात एवढा कचरा साठला होता हे पाहून त्या नीटनेटक्या माणसानं, मी ‘थांबा’ म्हणायच्या आत, तो सगळा साफ केला. त्यात यंत्राची पुस्तकांची यादीही गेली आणि कोण कुठल्या पानावर आहे त्याची नोंदही. न दिसणारा फोल्डर, न दिसणारं जोडचिन्ह, आणि त्या दिवसापासून मला कॅन्टीनमध्ये न दिसणारे इंजिनीअर.

तिसऱ्या काकू. शेजारच्याच बिल्डिंगमधल्या. लेकीनं परदेशातून आणून दिलेलं यंत्र. काकूंचा वाचनाचा झपाटा असा, की वाचनालयाचा कारकून त्यांना येताना पाहून दिवे मालवायचा. प्रोग्रॅम बसवला, छान चालला, दसऱ्यापर्यंत एक तक्रार नाही. दसऱ्यानंतर रोज सकाळी फोन. “अरे, पान उलटत नाही.” कधी म्हणायच्या, “आपोआपच उलटतंय, मी बोटही लावलं नाही.” एकदा तर यंत्र रात्रभर एकटंच वाचत बसलं आणि सकाळपर्यंत कादंबरी संपवून मोकळं झालं. मी हे सगळं तारीखवार लिहून परदेशी पाठवत होतो, तिकडे तो माणूस रात्ररात्र जागून स्पर्श ओळखणारा भाग पुन्हा पुन्हा तपासत होता, त्याला काही सापडत नव्हतं, आणि आपल्या सिल्वासाच्या पथकानं एवढा गहन दोष शोधून काढला म्हणून माझी छाती फुगत चालली होती. शेवटी मी काकूंच्या घरी गेलो. यंत्र देवघरातून आणलं गेलं. खिडकीशी उजेडात धरलं तर चौकटीच्या खालच्या कडेला, पडदा आणि प्लास्टिक जिथे मिळतात त्या बारीक घळीत, पिवळी-लाल रेघ. हळद-कुंकू. त्यावर तांदळाचा एक दाणा, अक्षतेचा, नेमका कोपऱ्यात रुतलेला. काकूंनी दसऱ्याला लेकीच्या यंत्राची साग्रसंगीत पूजा केली होती. आता काही जुन्या यंत्रांत बोट ओळखायला पडद्याच्या कडेनं न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची जाळी सोडलेली असते. त्या किरणांच्या वाटेत काहीही आलं की यंत्राला ते बोट वाटतं. म्हणजे दसऱ्यापासून तो तांदूळ कादंबरी वाचत होता. मी सुईनं दाणा काढला. काकू म्हणाल्या, “बघ, तुझा प्रोग्रॅम काढल्याबरोबर बरं झालं.”

सेक्रेटरींच्या यंत्राचं दुखणं मात्र खरंच प्रोग्रॅमचं होतं. ई-शाईच्या पडद्यावर पान बदललं तरी आधीच्या पानाची फिकी सावली मागे राहते. ती घालवायला यंत्र मधूनमधून अख्खा पडदा काळा-पांढरा असा लुकलुकवतं. नवख्या माणसाला वाटतं यंत्राला झटका आला. या कच्च्या आवृत्तीत पान झरझर उलटावं म्हणून ते लुकलुकणं जवळपास बंदच करून टाकलेलं होतं. ते यंत्र नवराबायकोत सामायिक. वहिनी दुपारी पाककृती वाचायच्या, सेक्रेटरी रात्री रहस्यकथा. एके रात्री साडेअकराला बेल वाजली. दारात सेक्रेटरी, पायजमा, हातात यंत्र. पडद्यावर निरीक्षक प्रेताशेजारी गुडघ्यावर बसून जखम न्याहाळत होता, आणि त्याच ओळींच्या मधून, फिकट पण स्वच्छ वाचता येईल अशा अक्षरांत: चिंचेचा कोळ दोन्ही बाजूंनी लावून घट्ट वळावे व वीस मिनिटे उकडावे. सेक्रेटरी हळूच म्हणाले, “मला आता अळूवडी खाता येईना झालीय.” त्यांनी खिशातून स्टॅम्पपेपर काढला.

चौथा मेव्हणा, नाशिकहून आलेला. बायकोचा भाऊ म्हणजे हक्काचा माणूस. मी त्याला न विचारता यंत्र घेतलं आणि फाइल टाकली. यंत्र बंद झालं. चालू झालं नाही. सगळ्या कच्च्या प्रोग्रॅमांचा हा शेवटचा अंक असतो, यंत्राची वीट होते, असं मी वाचलं होतं, त्यामुळे मी ती वीट पंचाच्या घडीत गुंडाळून कपाटात ठेवली आणि दोन दिवस मेव्हण्याला दुधनी, खानवेल, मधुबन धरण असं फिरवलं, पुस्तकाचं नाव काढायला त्याला उसंत मिळू नये म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा मी बायकोच्या माहेरच्या माणसाला इतका वेळ दिला. ही हरखून गेली. परतताना गाडीत त्यानं विचारलंच, “दाजी, माझं यंत्र कुठंय?” घरी आल्यावर मी कपाट उघडून पंचा सोडला आणि खाली बघत उभा राहिलो. त्यानं यंत्र घेतलं, मोबाइलचा चार्जर लावला, स्वयंपाकघरात जाऊन चहा घेऊन आला. तोवर ते चालू झालं होतं. या यंत्रांची बॅटरी कित्येक आठवडे पुरते, त्यामुळे तिला संपताही येतं हे माणूस विसरून जातो.

या टप्प्यावर मोठ्या माणसांचा नाद सोडून मुलांकडे वळावं, असं मला वाटलं. त्यालाही माझ्याकडे दाखला होता. 2007 मध्ये कर्जतजवळच्या खैरात गावच्या छोट्याशा शाळेत ‘एका मुलाला एक लॅपटॉप’ या मोहिमेची भारतातली पहिली चाचणी झाली. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचा पडदा लख्ख उन्हातही वाचता यायचा, आणि तो गर्रकन फिरवून उलटा मिटला की पुस्तक वाचायची पाटी तयार व्हायची. रायगडातल्या डोंगरातल्या पोरांनी जर जगाचं नवं यंत्र वापरून दाखवलं, तर आमच्या सोसायटीतल्या पोरांना काय झालंय? मी जिन्याखाली पाच-सहा जणांना गोळा केलं. मेव्हण्याचं यंत्र (आता त्याच्या परवानगीनं) त्यांच्या हातात दिलं. एकानं बोटानं दोनदा सरकवून पाहिलं. “काका, गेम कुठंय?” गेम नाही. “रंग?” रंगही नाही. मग त्यातली सगळ्यात लहान, दोन वेण्यांची, यंत्र उलटसुलट करत म्हणाली, “हे तुमचं आहे?”

“नाही, मामाचं.”

“तुमच्यात टाकलंय का?”

मी तिला समजावलं, की क्वालिटी कंट्रोलमध्ये प्रत्येक लॉटमधला एक नमुना हात न लावता सीलबंद बाजूला ठेवायचा असतो, त्याला कंट्रोल सॅम्पल म्हणतात, उद्या काही वाद झाला तर तुलना करायला. माझं यंत्र ते सॅम्पल. शास्त्र असतं ते. पोरीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मैत्रिणीकडे वळून म्हणाली, “काका घाबरले.”

तोवर माझं पथक म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप एवढंच उरलं होतं, आणि त्यावरही काकूंनी दिवाळीच्या चकलीच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती. अशा वेळी गुरुजी आले. इथल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, सायकल, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. त्यांच्या हातात मुलानं दिलेला ई-रीडर, आणि मंडळात कुणीतरी सांगितलेलं, की ‘ते धागेवाले मराठीच्या चुका शोधायला माणसं मागतायत.’ “मागताय ना?” गुरुजींनी विचारलं. मला हुंदकाच आला. प्रोग्रॅम बसवला, त्यात प्रताधिकार संपलेली चार-सहा जुनी पुस्तकं टाकून दिली, काय काय तपासायचं ते सांगितलं, आणि गुरुजी सायकलवर टांग मारून गेले.

काही आठवड्यांनी ते एक दोनशे पानी वही घेऊन आले. वहीला खाकी कव्हर, वर नाव-विषय. आत उभ्या रेघा आखून रकाने: पृष्ठ, ओळ, चूक, दुरुस्ती. मी उत्सुकतेनं वाचायला लागलो. पृष्ठ सात, ओळ तीन: येथे दीर्घ हवा. पृष्ठ नऊ: कर्ता एकवचनी, क्रियापद अनेकवचनी. पृष्ठ बारा: लेखकाने ‘परंतु’ आणि ‘पण’ एकाच वाक्यात योजले आहेत, हा निष्काळजीपणा होय. पानामागून पान. गुरुजींनी प्रोग्रॅमला हातही लावला नव्हता. त्यांनी शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या लेखकांच्या वह्या तपासल्या होत्या. मेनूचं मराठी मी स्वतः केलं होतं, तेही सुटलं नव्हतं. त्याला दहापैकी तीन. शेरा: ‘विद्यार्थी हुशार आहे, लक्ष देत नाही.’

पण त्याच वहीत, मध्याच्या जरा पुढे, लाल चौकटीत एक नोंद होती. ‘दऱ्याखोऱ्या या शब्दात र चुकीचा उमटला आहे. अन्य पुस्तकात बरोबर आहे. अर्थी दोष लेखकाचा नसून यंत्राचा असावा. पडताळावे.’ मी फाइल उघडून पाहिली. त्या पुस्तकात न दिसणारं जोडचिन्ह होतं, दुसऱ्यात नव्हतं. प्रोग्रॅम ते गिळत होता. खरा, अस्सल, मराठीपुरता, जगात कुणाच्या लक्षात न आलेला दोष. तो सिल्वासात सापडला होता. मी गुरुजींच्या पाया पडलो. ते म्हणाले, “आधी ‘अर्थी’ला ‘अर्थात’ कर, घाईत लिहिलं.”

त्या रात्री मी परदेशी पाठवलेलं पत्र मी लिहिलेल्या पत्रांत सर्वांत लांब होतं. त्यात 1954 चा थोडक्यात इतिहासही होता. वहीच्या पानाचा फोटो होता. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, अतिशय सभ्य. सिल्वासाच्या पथकाचे मनापासून आभार मानले होते. हा दोष खरा असल्याचं मान्य केलं होतं. मात्र बंगळुरूच्या एका विद्यार्थ्यानं तो उन्हाळ्यातच कळवला होता, आणि लगेच दुरुस्तही झाला होता. ते लुकलुकणंही त्याच सुमाराला पूर्ववत केलं होतं. तुम्ही कुठली आवृत्ती वापरताय, असं त्यानं शेवटी विचारलं होतं.

मी किल्ल्यांच्या जुडग्याकडे पाहिलं. ते लोक तिकडे रोज रात्री नवी आवृत्ती बांधत होते आणि मी इकडे घरोघरी जाऊन ग्रीष्मातली शिळी वाढत होतो.

हिला सांगितलं. ही बराच वेळ हसली, मग म्हणाली, “गुरुजींना काय सांगणार?”

गुरुजींना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांची दुसरी वही चालू आहे, आणि तिसरीचे पैसे त्यांनी माझ्याकडून आगाऊ नेलेत.